बारक्याची सोय

मखमलाबाद, नाशिक
गुरुवार, ९ ऑक्टोबर

प्रिय अश्विन,

एक लोखंडी खाट, पाऊण इंची चौकोनी पाइपची, जमिनीपासून नऊ इंच उंच, वर नवार विणलेली. भांड्यांचा स्टँड, चौदा इंची, म्हणजे खाताना मान खाली घालावी लागत नाही. छोटा हत्ती टेम्पोत चढायला साडेपाच फुटी फळी, तिच्यावर मशीनच्या जुन्या पट्ट्याचं रबर, पाय घसरत नाही. फाटकाचा खालचा दीड फूट पत्रा कापून तिथे जाळी, कारण त्याला रस्ता बघायचा असतो. आंघोळीचा ओटा, मागच्या बाजूला एक इंच उतार, पाणी साचत नाही. केस काढायची फणी, हॅक्सॉच्या पात्याची, दाते कानशीनं बोथट केलेले. आधी स्वतःच्या दंडावर फिरवून पाहिली. जिन्याखाली एक पेटी, आतून गोणपाटाचे दोन थर आणि मध्ये थर्माकोल, दिवाळीत फटाक्यांच्या आवाजापासून त्याला लपायला; तिचं दार लावायचं राहिलंय, शनिवारपर्यंत लागेल. एक काम फसलं तेही लिहितो. स्वयंपाकघराला दोन्हीकडे उघडणारं अर्धं दार केलं होतं, त्यात दोनदा शेपटी अडकली, काढून टाकलं. आठ महिन्यांत या दोन हातांनी केलेल्या या वस्तू, सगळ्या एकट्या बार्नीसाठी. परवा मंगळवारी शेडमध्ये माझ्या खुर्चीवर बसून तू म्हणालास, "सोमा, तुझ्याकडे त्याची सोय नाही रे." म्हणून आधी सोय लिहिली. येत्या रविवारी सकाळी दहाला गाडी घेऊन त्याला न्यायला येणार आहेस. त्याआधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून आमची तेजल उद्या कॉलेजला जाता जाता तुझ्या गंगापूर रोडच्या बंगल्यावर देऊन जाईल. सावकाश वाच.

लासलगावच्या शाळेत आपण एका बाकावर बसलो तेव्हापासून असंच चाललंय, तू सांगायचं आणि मी करायचं. दहावीला तू केंद्रात पहिला आलास, मी गणित सोडून बाकी सगळ्यात आपटलो. तू पुण्याला इंजिनिअर व्हायला गेलास. मी इथे नाशिकला द्वारका चौकात एका गॅरेजच्या बाहेर चहाचा ग्लास धरून उभा राहायचो आणि दुसऱ्याचं वेल्डिंग बघायचो. कुणी शिकवलं नाही. डोळे सुजले, मग काळी काच वापरायची असते हेही कळलं. आज माझी कांदा प्रतवारीची मशीनं तीन जिल्ह्यांत चालतात आणि त्यातला एक बोल्टसुद्धा मी पुस्तकात बघून लावलेला नाही. हे मिरवायला लिहीत नाही. बरं, थोडं मिरवायलाच लिहितो. तर फेब्रुवारीत तुझी बेंगळुरूला बदली झाली, फ्लॅट बाराव्या मजल्यावर, कुत्रं चालणार नाही. तू म्हणालास, "तुझ्या शेडला राखण होईल." मी तेव्हाच सांगायला हवं होतं की हा सोनेरी केसांचा प्राणी राखण करणार नाही, चोराला बॅटरी धरून वाट दाखवेल. पण तू मागितलंस आणि मी हो म्हटलं. वहिनींनी दत्तक देण्याचा तीन पानी इंग्रजी कागद केला होता. मी तेजलला शेजारी बसवून एकेक ओळ वाचली तेव्हा तू हसलास, "अरे, कुत्रा आहे, प्लॉट नाही." चौथं कलम असं की देणाऱ्याचा यापुढे काही हक्क राहणार नाही. तीन ठिकाणी माझी सही, तीन ठिकाणी तुझी. कागद माझ्या कपाटात आहे, पण मी त्याच्या जोरावर भांडत नाहीये. तसं भांडायचं असतं तर वकिलाचं पाकीट आलं असतं, तेजल आली नसती.

पहिले दिवस कसे गेले ते तुला कधी सांगितलं नाही. तू फोन करायचास आणि मी "मजेत आहे" म्हणायचो. तो मजेत नव्हता. नव्या घराची फरशी मी हौसेनं चकचकीत घेतलेली, तिच्यावर त्याचे मागचे पाय फाकायचे, म्हणून तो भिंतीला अंग घासत चालायचा. हॉलमधून मोरीपर्यंत बावीस फूट, तेवढ्यात चारदा थांबायचा. ग्राइंडर सुरू झाला की थेट टेम्पोखाली. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं झाली की उठून फाटकाशी जायचा. तू कामावरून त्या वेळी यायचास ना? पांढरी गाडी गेली की उभा राहायचा, गाडी पुढे गेली की बसायचा. एकोणीस दिवस मी हे वहीत लिहिलं. तू सोबत दिलेली तुझी जुनी चप्पल तो खाटेवर घेऊन झोपायचा, चावायचा नाही, फक्त हनुवटी ठेवायचा. फाटकाचा पत्रा मी तेव्हाच कापला. सुवर्णा म्हणाली, "नवीन फाटक आहे, रंग वाळला नाही अजून." मी म्हटलं, तो वाट बघणारच आहे तर निदान त्याला दिसू तरी दे. ज्या माणसाची वाट बघतोय तो येणार नाही हे त्याला मी सांगू शकत नव्हतो. आणि खरं सांगू का अश्विन, मला तुझा राग तेव्हा आला होता, मंगळवारी नाही.

आता कांद्याचं. हेच तू भिकनकडून ऐकलंस. माझ्या शेडमधला माणूस, बोलताना त्याला कुलूप नाही. यावरूनच तू सोयीचा मुद्दा काढलास. तर सगळं जसंच्या तसं लिहितो, लपवत नाही. तू यादी दिली होतीस: चॉकलेट नको, द्राक्षं नकोत, कोंबडीची हाडं नकोत. मी ती फ्रिजवर चिकटवली. भावानं वडनेरहून द्राक्षाची पेटी पाठवली तर ती मी माळ्यावर ठेवली, एवढा मी यादीचा पक्का. यादीत कांदा नव्हता, कारण तुमच्या घरी तो पाकिटातलं खायचा आणि तुला यादीत घालायचं सुचलं नाही. आमच्या घरी कुणाला विचारायचं सुचलं नाही, कारण आमच्याकडे कांदा हा पदार्थच नाही, तो मिठासारखा असतोच. आईनं पाकिटातल्या गोळ्या हातावर घेऊन वास घेतला आणि म्हणाली, "हे का अन्न हाय? जनावराला बी तोंड असतंय." तिनं त्याचं नाव बदलून बारक्या केलं, चौतीस किलोच्या कुत्र्याचं, आणि रोज दोन वेळा बाजरीची भाकरी काळ्या मसाल्याच्या रश्शात कुस्करून त्याच्यापुढे ठेवायला लागली. तो रस्सा तुला माहीत आहे. शनिवारची शाळा सुटली की ज्याच्यासाठी तू आमच्या दारात "मावशी, आलो" म्हणून ओरडायचास, तोच. कांदा चुलीत भाजायचा, खोबऱ्याबरोबर पाट्यावर वाटायचा. दिसत नाही, पण भांड्यात निम्मा तोच. आणि तो खायचा रे. तीन दिवस उपाशी राहिलेला कुत्रा भांडं चाटून तिच्या पदराला तोंड पुसायचा. आम्हाला वाटलं, रुळला.

चोविसाव्या दिवशी त्याला जिना चढवेना. लघवी कोऱ्या चहासारखी. मी ओठ वर करून पाहिला तर हिरड्या पांढऱ्या, सिमेंट वाळल्यावर होतं तशा. फळीवरून टेम्पोत घातला आणि दवाखान्यात नेला. आई हट्टानं मागे त्याच्यापाशी बसली. डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला सरळ. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन साडेपाच. म्हणाल्या, "जेवायला काय देता?" आईनं अभिमानानं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "आजी, घरात रोज कांदा किती लागतो?" आई म्हणाली, "फार नाय. दीड-दोन किलो." कुत्र्याच्या रक्ताला कांदा सोसत नाही, रक्ताच्या पेशी फुटतात, हे त्यांनी आम्हाला चित्र काढून समजावलं. मी, ज्यानं एकवीस वर्षं कांद्यावर मशीनं केली, ज्याला पंचेचाळीस आणि पंचावन्न मिलिमीटरचा कांदा नुसत्या मुठीत धरून सांगता येतो, त्याला ही गोष्ट माहीत नव्हती. ती चूक माझी. तुझ्या यादीवर मी ती ढकलणार नाही. शिकायचं राहिलं होतं, ते शिकलो, आणि माझं सगळं शिक्षण असंच झालंय, आधी डोळे सुजतात.

तीन दिवस सलाइन होतं. रक्त चढवावं लागेल की नाही ते ठरत नव्हतं. आई दवाखान्याच्या फरशीवर त्याच्या पिंजऱ्याला पाठ लावून बसायची, दुपारी सुवर्णा डबा घेऊन गेली तर म्हणाली, "मीच घातलं ना गं त्याला, माझ्या हातानं. इख घातलं." समजूत काढली तर उलट आमच्यावरच खेकसायची. चौथ्या दिवशी त्याला घरी आणलं तेव्हा तिनं कांद्याची टोपली उचलली आणि अंगण ओलांडून शेडमध्ये नेऊन ठेवली. म्हणाली, "आजपास्नं ह्या घरात कांदा शिजायचा नाय." तुला माझी आई माहीत आहे. सगळा गाव कांदेनवमी करून चार महिने कांदा-लसूण सोडायचा, हिनं एक चातुर्मास पाळला नाही. म्हणायची, ज्याच्यावर पोट भरतं त्याला अपवित्र कसं म्हणू? गुरव, ब्राह्मण, नणंदा, सगळ्यांशी त्यावरून भांडली. सत्तरी ओलांडलेली बाई ती. तेजलनं विचारलं, "आज्जी, देवासाठी कधी सोडला नाहीस, आता?" तर म्हणाली, "देव कुठं माझ्या हातचं खाऊन आजारी पडला?" सात महिने झाले, आमच्या स्वयंपाकघरात कांदा नाही. तीळ, खोबरं, शेंगदाण्याचं कूट यांवर ती रस्सा करते, पहिले पंधरा दिवस तोंडात घालवत नव्हता, आता जमलाय. मी आणि भिकन शेडमध्ये भाकरीबरोबर कांदा फोडतो आणि हात साबणानं दोनदा धुऊन घरात येतो, कारण ती बोटांचा वास घेते. सुवर्णा माहेरी जाऊन कांदाभजी खाऊन येते. आणि तू म्हणतोस सोय नाही.

हळूहळू तो या घराचा झाला. फरशीवर मी हॉल ते मोरी रबराची पट्टी टाकली, दीड फूट रुंद. पाहुणे विचारतात हे काय, मी म्हणतो बारक्याचा हायवे. ग्राइंडरची सवय मी त्याला पायरी पायरीनं लावली, आधी ऐंशी फुटांवरून, रोज पाच फूट जवळ, प्रत्येक वेळी एक तुकडा उकडलेलं अंडं. सतरा दिवस लागले. आता मी काम थांबवलं की तो माझा डावा हातमोजा तोंडात धरून घरापर्यंत आणतो, ओला करतो, पण एक टाका उसवलेला नाही. सकाळी सातला आई शेजारच्या भागुबाईंच्या वाफ्यावर मेथी-कोथिंबीर घ्यायला जाते, पिशवी त्याच्या तोंडात. भागुबाई परवा म्हणाल्या, "आक्काबाई, सुनेच्या हातात कधी एवढ्या मायेनं पिशवी दिली नव्हती." आई म्हणाली, "सून भाव करती. हा नाय करत." सुवर्णा मागेच उभी होती, तीही हसली. वजन एकोणतीसवर उतरलं होतं, आता तेहेतीस किलो आठशे. दर महिन्याच्या एक तारखेला माझ्या मालाच्या काट्यावर बसवतो. हिमोग्लोबिन चौदा. ऑगस्टचा रिपोर्ट सोबत जोडलाय.

आणि गणपतीतलं. तू परत नाशिकला बदलून आलास, वहिनींना आणि निकिताला घेऊन आमच्या गणपतीला आलास. तुझी गाडी वळली तसा तो उठला आणि फाटकाला असा धडकला की कडी वाकली. ती कडी दहा मिलिमीटर गजाची आहे. आठ महिन्यांत तो माझ्याकडे कधी तसा पळत आला नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि नाकारत नाही. तो तुझ्या छातीवर चढला, निकिताला खाली पाडून तिचं तोंड चाटलं, ती पोर हसता हसता रडायला लागली. मग तुझ्या गाडीचं दार उघडं दिसलं आणि तो आपणहून मागच्या सीटवर जाऊन बसला. तू म्हणालास, "एक चक्कर मारून आणतो." पंचेचाळीस मिनिटं लागली. आरती खोळंबली होती. आई ताट हातात धरून म्हणाली, "येऊ दे त्याला, मग लावू कापूर." मी बाहेर उभा राहून ती वाकलेली कडी हातोड्यानं सरळ करत होतो, कारण काहीतरी करत राहणं भाग होतं. तुम्ही आलात. तो उतरला, पाणी प्यायला, आईच्या पायावर बसला. दुसऱ्याच दिवशी तुझा फोन आला, "बघितलंस ना सोमा, विसरला नाही तो मला." तेव्हापासून हे चाललंय.

नाही विसरला. विसरावं अशी माझी इच्छाही नाही. जो असा विसरतो त्याच्यासाठी मी फाटक कापलं नसतं. पण तो तुला विसरला नाही म्हणून तो तुझा, हा हिशेब मला मान्य नाही. तूही मला विसरला नाहीस, पुण्याला गेलास, बेंगळुरूला गेलास, दर दिवाळीला आठवणीनं आलास. म्हणून मी तुझा झालो का? त्यानं एकदा गाडीतून उतरून एक घर सोडलं, एकोणीस दिवस फाटकाशी बसला, मेला असता, त्यातून उठून हे घर धरलं. आता पुन्हा त्याला गाडीत घालून त्याच दु:खातून चालवायचं, ते का, तर बंगला रिकामा वाटतो? निकिताचं मी समजतो. ती चौदा वर्षांची आहे, तिला न विचारता तिचा कुत्रा दिलास, ते तू तिला सांग, मी नाही सांगणार. तिला कुठल्याही दिवशी पाठव. शाळेतून रिक्षा करून येऊ दे, राहायला येऊ दे, आईनं तिच्यासाठी गादी काढून ठेवलीय, त्याला आंघोळ घालायची ओट्यावर, फणी फिरवायची, केसांची दोन पोती भरून निघतात. ती या घरची आहे. रविवारी तूही ये, जेवायला ये, बिनकांद्याचा रस्सा खाऊन बघ. गाडी मात्र रिकामीच परत जाईल. फाटकात मी उभा असेन आणि माझ्या मागे आई असेल, आणि तिला ओलांडून जायची तुझी आठवीत असतानाही हिंमत नव्हती.

आता मंगळवारचं दुसरं बोलणं. निघताना तू टेबलावर तुझ्या कंपनीचा कागद ठेवलास: नव्या कांदा प्लांटसाठी प्रतवारीची चार मशीनं, चाळीस टक्के रक्कम आगाऊ. आणि त्याच श्वासात म्हणालास, "रविवारी बार्नीला नेतो, म्हणजे तुलाही वाईट वाटायला नको." तुझ्या मनात पाप नव्हतं हे मला ठाऊक आहे. तू मित्राचं भलं करत होतास, म्हणून जास्त लागलं. तू पट्ट्याची रुंदी विचारली नाहीस, ताशी किती टन निघतो विचारलं नाहीस, समोर अर्धं झालेलं मशीन उभं होतं त्याला हातसुद्धा लावला नाहीस. एकवीस वर्षांत माझं मशीन कुणी न बघता घेतलेलं नाही, आणि कुत्र्याच्या बदल्यात तर नाहीच. शेडमध्ये येत्या डिसेंबरनंतर काम नाही; लखन आणि भिकन दोघांची घरं त्यावर चालतात, हे सुवर्णाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिला आकडा सांगितला. ती भाजी निवडत होती, तशीच निवडत राहिली, पूर्ण जुडी संपवली. मग म्हणाली, "नाही म्हणायचं ना? मग फोन करू नका, तुम्ही ओरडाल आणि अडतीस वर्षांची मैत्री दोन मिनिटांत जाईल. लिहून कळवा." म्हणून हे पत्र, नाहीतर मी कसला लिहितोय. तर लिहून कळवतो. चार मशीनं, एकेकाचे चार लाख साठ हजार, एकूण अठरा लाख चाळीस हजार रुपये. घेत नाही.

तरीही तुझाच,
सोमनाथ